पहिलं मानांकन आमचं, गर्दी मात्र त्यांची

प्रति,
महिला बास्केटबॉल समिती, डिव्हिजन वन,
एनसीएए, इंडियानापोलिस.

विषय : मानांकन आणि सामन्याचं ठिकाण यांचा न जुळणारा मेळ.

स.न.वि.वि.

आधीच सांगून टाकते. मी नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीत, म्हणजे रॅलेच्या सख्ख्या शेजारी राहते आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या महिला संघाची पक्की चाहती आहे. या पत्रात कुठे आमच्या संघाचा लाल रंग जास्त वाटला, तर तो आहेच असं समजा. आमच्याच घरात एक ड्यूकवाला, म्हणजे शेजारच्या ड्यूक विद्यापीठाच्या संघाचा चाहताही नांदतो, त्यामुळे एकतर्फी बोललेलं इथे खपत नाही, एवढीच काय ती हमी.

पत्र मराठीत अशासाठी की तुम्हाला इंग्रजीत सुनावणाऱ्यांची काही कमी नाही. मार्च लागला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाडव्याच्या श्रीखंडाच्या ऑर्डरींच्या अधेमधे ब्रॅकेटचे, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याच्या तक्त्याचे फोटो पडायला लागतात. त्या मंडळींनाही कळू दे, आपण कशावरून भांडतोय ते. तुम्हाला हवं तर भाषांतर करून पाठवीन.

त्या मंडळींसाठीच आधी थोडक्यात. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना आणि डिव्हिजन वन ही तिची सर्वांत वरची श्रेणी. तिच्या महिला बास्केटबॉल स्पर्धेत ६८ संघ असतात. समिती त्यांची पहिल्यापासून अडुसष्टाव्यापर्यंत एक यादी करते. यादीतले पहिले चार संघ म्हणजे चार विभागांतले अव्वल मानांकित, पुढचे चार दुसरे मानांकित, असं सोळाव्या मानांकनापर्यंत. टेनिसमध्ये मानांकनाचा उपयोग एवढाच, की तगडे खेळाडू लवकर एकमेकांसमोर येऊ नयेत. महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्या आकड्यासोबत जागाही मिळते. प्रत्येक विभागातले पहिले चार, असे एकूण १६ संघ, पहिल्या दोन फेऱ्या आपल्या घरच्या कोर्टवर खेळतात. पुरुषांच्या स्पर्धेत घरचं कोर्ट कुणालाच मिळत नाही. म्हणून पुरुषांकडे मानांकन एखाद्या अंकाने घसरलं तर लोक दोन दिवस कुरकुरतात आणि विसरतात. बायकांकडे त्या एका अंकावर सामना आपल्या गावात होणार की विमानाने चार तासांवर, हे ठरतं.

माझी तक्रार घरच्या कोर्टाबद्दल नाही. तक्रार पुढच्या आठवड्याबद्दल आहे. सोळा संघ उरतात, सामने त्रयस्थ शहरात जातात आणि तुमच्या आकड्याची किंमत तिथे अचानक उतरते.

२०२२ चंच उदाहरण घेते. त्या वर्षी आमचा संघ तुमच्या यादीत तिसरा होता, म्हणजे अव्वल मानांकित चौघांपैकी एक. विभागाचे सामने चार शहरांत होते : ग्रीन्सबरो, ब्रिजपोर्ट, विचिटा आणि स्पोकेन. ग्रीन्सबरो रॅलेपासून ऐंशी मैलांवर. तिथे आमच्या मुलींनी ओळीने तीन वर्षं एसीसीचं, म्हणजे आमच्या कॉन्फरन्सचं (आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं) विजेतेपद मिळवलेलं. पण यादीत साउथ कॅरोलिना पहिली होती आणि तिलाही ग्रीन्सबरोच जवळ, तेव्हा ते तिला गेलं. यात काही गैर नाही, पहिल्याचा मान पहिल्याला. आम्हाला ब्रिजपोर्ट आलं. ब्रिजपोर्ट कनेक्टिकटमध्ये आहे. आणि त्याच विभागात दुसरं मानांकन देऊन तुम्ही कुणाला बसवलंत? कनेक्टिकट विद्यापीठाला! यूकॉनच्या मुली स्टॉर्सहून दीड तासात बसने तिथे पोचतात.

तुमच्या नियमाप्रमाणे हे ‘घरचं कोर्ट’ नव्हतं, कारण यूकॉन आपले घरचे सामने स्टॉर्सला आणि हार्टफर्डला खेळतं. कागदावर सगळं चोख. टीव्हीवर मात्र वेगळं दिसत होतं. आमच्या मुलीने चेंडू टाकला की कॅमेऱ्याच्या एका कोपऱ्यात लाल रंगाचा एक छोटासा ठिपका उसळायचा आणि बाकी सगळा निळा समुद्र चिडीचूप. यूकॉनचा चेंडू आत गेला की समालोचकाचा आवाजही ऐकू येत नव्हता. सामना मात्र असा झाला की अजून डोळ्यांसमोर आहे. पहिली जादा वेळ संपायला पुरता सेकंदही उरलेला नसताना जकाया ब्राउन-टर्नरने कोपऱ्यातून थ्री-पॉइंटर मारून ७७-७७ अशी बरोबरी साधली आणि सामना दुसऱ्या जादा वेळेत नेला. त्यानंतर पेज ब्यूकर्सने ठरवलं की आता पुरे. गुडघ्याच्या दुखापतीतून परतून तिला जेमतेम महिना झाला होता. तिचे एकूण २७ गुण, त्यांतले १५ जादा वेळेतले. यूकॉन ९१, आम्ही ८७.

ब्यूकर्स रॅलेतही तशीच खेळली असती, हे मला मान्य आहे. ती त्या तोडीचीच आहे. पण चार गुणांचं अंतर आणि दोन जादा वेळा, अशा सामन्यात फ्री थ्रोच्या वेळी कोण ओरडतंय, टाइमआउटमध्ये कुणाच्या कानात आवाज घुमतोय, पंचांच्या शिट्टीवर कोणता जमाव उठून उभा राहतोय, यांना किंमत नसते असं म्हणणाऱ्याने कधी भरलेल्या हॉलमध्ये सामना पाहिलेला नसावा. वर्षभर जिंकून अव्वल मानांकन मिळवायचं आणि अंतिम चौघांत जायचा सामना दुसऱ्या मानांकिताच्या अंगणात खेळायचा! मान पहिल्या पंगतीचा, पान मात्र उंबऱ्याबाहेर.

एकदाच घडलेला योगायोग म्हणून मी सोडून दिलं असतं. पण तीनच वर्षं आधी, २०१९ मध्ये, लुइव्हिलचं हेच झालं होतं. अव्वल मानांकन त्यांचं, विभाग अल्बनीचा आणि दुसरं मानांकन पुन्हा यूकॉनला. स्टॉर्सहून अल्बनी साधारण दोन तास. यूकॉन ८०, लुइव्हिल ७३. याला मी कटकारस्थान म्हणत नाही. तुमची पद्धतच अशी आहे : यादीच्या वरून खाली यायचं आणि प्रत्येक संघाला शक्य तितक्या जवळच्या विभागात टाकायचं. अव्वल संघाला आधी जागा मिळते, हे खरं. पण त्याच्या मागून येणाऱ्याला ती जागा अधिक जवळची असली, तर अव्वल संघाच्या हाती नुसता आकडा उरतो.

या स्पर्धेत जागेने आकड्याला गिळण्याची परंपरा जुनी आहे. घरच्या ड्यूकवाल्याचं एक दुखणं इथे मांडते. ते मांडताना मला किती आनंद होतोय ते विचारू नका. २००९ मध्ये पहिल्या दोन फेऱ्यांची गावं आधीच ठरलेली असायची आणि त्यांतल्या काही गावांचा यजमान संघही स्पर्धेत असायचा, मानांकन कितीही खालचं असलं तरी. अव्वल मानांकित ड्यूकला दुसऱ्या फेरीत नवव्या मानांकित मिशिगन स्टेटशी खेळावं लागलं, तेही ईस्ट लान्सिंगला, मिशिगन स्टेटच्या स्वतःच्या कोर्टवर. ड्यूकच्या प्रशिक्षक जोआन मॅकॅली दोनच वर्षांपूर्वी तीच मिशिगन स्टेट सोडून आलेल्या. म्हणजे प्रेक्षकांना आवाज काढायला आणखी एक कारण. ड्यूक ४९-६३ हरलं. २०११ मध्ये अकरावी मानांकित गोन्झागा स्पोकेनला आपल्याच कोर्टवर आधी सहाव्या मानांकित आयोवाला आणि मग तिसऱ्या मानांकित यूसीएलएला हरवून पुढे गेली. पुढचे सामनेही स्पोकेनलाच! कोर्टनी व्हँडरस्लूट त्या संघात होती आणि ती कुठेही जिंकली असती असं म्हणणारे आहेत. असतीलही. पण अकराव्या मानांकिताने तिसऱ्याचं घरी स्वागत करायचं असेल, तर ते मानांकन द्यायचं तरी कशाला?

हे तुम्हालाही पटलं, म्हणून २०१५ पासून पहिल्या सोळा संघांना घरचं कोर्ट मिळालं. तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता आणि कुणी काही म्हणालं तरी त्याला हात लावू नका. अधूनमधून टीव्हीवरचे पंडित म्हणतात, घरच्या कोर्टामुळे मोठे संघ आयते पुढे सरकतात, सगळं त्रयस्थ ठिकाणी न्या. त्यांना विचारा, की २०२२ मध्ये दुसऱ्या मानांकित आयोवाला आयोवा सिटीत कुणी हरवलं? दहाव्या मानांकित क्रायटनने, ६४-६२. निर्णायक थ्री-पॉइंटर लॉरेन जेन्सनचा, जी आदल्या वर्षापर्यंत आयोवाकडूनच खेळत होती. त्याच फेरीत दुसऱ्या मानांकित बेलरला वेकोमध्ये दहाव्या मानांकित साउथ डकोटाने ४७ गुणांत गुंडाळलं. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि इंडियाना हे दोन अव्वल मानांकित आपापल्या घरी दुसऱ्याच फेरीत गारद झाले, एक आठव्या मानांकित ओले मिसकडून आणि दुसरा नवव्या मानांकित मायामीकडून. २०२४ मध्ये ओहायो स्टेटला घरी येऊन ड्यूकने हरवलं. (हे वाक्य ड्यूकवाल्याने वाचून घेतलं आणि खूश झाला.) तेव्हा घरचं कोर्ट म्हणजे पुढच्या फेरीचं तिकीट नव्हे. तो हंगामभराच्या कामगिरीचा मोबदला आहे. त्या मोबदल्याला कुणाची हरकत नाही, कारण तो कशासाठी मिळाला ते सगळ्यांना दिसतं.

आता त्या मोबदल्याच्या काठावर येऊ. काठ म्हणजे तुमच्या यादीतले सोळावा आणि सतरावा, चौथ्या मानांकनाचा शेवटचा संघ आणि पाचव्याचा पहिला. या दोघांत खेळाच्या मापाने फारसा फरक नसतो. कधीकधी तर एखाद्या जानेवारीच्या रात्री कुणाची खेळाडू तापाने झोपून होती, एवढाच असतो. पण एकाच्या मुली आपल्या खोलीत झोपून, आपल्या मेसमध्ये जेवून, आपल्या बास्केटकडे बघत खेळतात, आणि दुसरीकडच्या मुलींना मिळेल त्या हॉटेलात उतरावं लागतं. मिळेल त्या म्हणजे कुठल्या, ते २०२४ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. चौथं मानांकन गोन्झागाला, पाचवं यूटाला, म्हणून सामने स्पोकेनला. त्याच आठवड्यात पुरुषांचेही सामने स्पोकेनमध्ये होते, हॉटेलं भरलेली. यूटाच्या मुलींना शेजारच्या आयडाहो राज्यात, तीसेक मैलांवरच्या कोर डालेनमध्ये उतरवलं गेलं. तिथे रस्त्यावर त्यांना वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी बाडबिस्तरा उचलून स्पोकेनला यावं लागलं. त्या शिव्यांची जबाबदारी समितीवर टाकण्याइतकी मी बेजबाबदार नाही. त्यांचा आणि मानांकनाचा संबंध नाही. पण पाचव्या मानांकनाचा संघ परगावात काय काय भोगू शकतो, हे यादी करताना तुमच्या डोळ्यांसमोर असायला हवं. यूटा दुसऱ्या फेरीत गोन्झागाकडून हरली. शांत झोप झाली असती तर जिंकली असती का, कोण जाणे. निदान प्रश्न तरी उरला नसता.

म्हणून मागणी अशी की यादीतल्या तेराव्यापासून विसाव्यापर्यंतच्या संघांबद्दल तुमची कारणं लेखी द्या. फेब्रुवारीत तुम्ही पहिल्या सोळांची झलक दाखवता, निवडीच्या रविवारी तुमचे अध्यक्ष टीव्हीवर चार मिनिटं बोलतात आणि त्यांत ‘समितीने सर्वंकष विचार केला’ याच्या पलीकडे कानावर काही पडत नाही. आठ संघ, प्रत्येकी पाच ओळी. कुणाला का वर घेतलं, कुणाला का खाली. चाळीस ओळी लिहायला जड आहे असं म्हणू नका. खेळाडू मुली परीक्षेच्या आठवड्यातही असाइनमेंट वेळेवर देतात.

यादीच्या तळाबद्दलही एक सांगायचं आहे, कारण तिथली चूक वरच्याला भोवते. अव्वल मानांकिताला सोळावा मानांकित मिळतो तो सर्वांत दुबळा असतो, अशा समजुतीवर सगळा डोलारा उभा आहे. १९९८ मध्ये तुम्ही हार्वर्डला सोळावं मानांकन दिलं. हार्वर्डकडे ॲलिसन फीस्टर होती, त्या हंगामात देशात सर्वाधिक सरासरीने गुण करणारी खेळाडू. आयव्ही लीगचा संघ म्हणून कुणी गंभीरपणे पाहिलं नसावं. समोर स्टॅनफर्ड, आधीची सलग तीन वर्षं अंतिम चौघांत गेलेला संघ. स्पर्धेच्या तोंडावर त्यांच्या व्हेनेसा नायगार्ड आणि क्रिस्टिन फोकल या दोघींचे गुडघे गेले. फीस्टरने ३५ गुण केले आणि हार्वर्डने स्टॅनफर्डला स्टॅनफर्डमध्येच ७१-६७ असं हरवलं. सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची डिव्हिजन वनमधली ती पहिलीच वेळ. पुरुषांमध्ये तसं व्हायला २०१८ उजाडावं लागलं. पुढची गंमत अशी की स्टॅनफर्ड गेल्यामुळे त्या विभागाचं दारच उघडलं आणि नववी मानांकित आर्कान्सा त्यातून थेट अंतिम चौघांत पोचली. दुखापती तुमच्या हातात नव्हत्या. फीस्टरच्या संघाला तळाशी बसवणं मात्र तुमच्याच हातात होतं. हार्वर्डला तेरावं किंवा चौदावं मानांकन मिळालं असतं, तर हा धक्का कदाचित दुसऱ्याच कुणाला बसला असता. छोट्या कॉन्फरन्सच्या संघांना तुम्ही चिल्लर समजता तेव्हा त्यांचा अपमान होतोच, शिवाय किंमत यादीतला पहिला संघ मोजतो. साउथ डकोटाने २०२२ मध्ये त्याचीच आठवण करून दिली.

आता दोन शहरांचा विषय. २०२३ पासून तुम्ही चार विभाग दोन शहरांत कोंबलेत. आधी ग्रीनव्हिल आणि सिएटल, मग अल्बनी आणि पोर्टलँड, मग बर्मिंगहॅम आणि स्पोकेन, २०२६ साठी फोर्ट वर्थ आणि सॅक्रामेंटो. यामागचा हेतू मला कळतो. आठ संघ एका ठिकाणी आले की गर्दी होते, वातावरण तयार होतं, व्यवस्था नेटकी करता येते. आणि ब्रिजपोर्टसारखा प्रकार व्हायची शक्यताही कमी होते, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. पण एवढ्या मोठ्या देशात दोनच शहरं म्हटल्यावर कुणीतरी लांब पडणारच. २०२५ मध्ये आमचा संघ दुसरा मानांकित होता, रॅलेत दोन सामने सहज जिंकला आणि मग देश ओलांडून स्पोकेनला गेला, तीन तासांच्या घड्याळाच्या फरकात. तिथे एलएसयूकडून हरला. ते चांगलं खेळले, आम्ही नाही, आणि लांबून तेही आले होते. त्या पराभवाचं खापर मी तुमच्यावर फोडत नाही.

यूकॉनलाही तुम्ही स्पोकेनलाच पाठवलंत, दुसरं मानांकन देऊन. तिथे त्यांचे प्रशिक्षक जेनो ऑरिएम्मा यांनी स्पर्धा चालू असतानाच या दोन-शहरी पद्धतीवर जाहीर तोंडसुख घेतलं. ब्रिजपोर्ट आणि अल्बनी आठवणाऱ्या आम्हा लोकांना हसावं की रडावं कळेना. पण त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. आठ संघ एकाच हॉलमध्ये, म्हणजे सरावाच्या वेळा भल्या पहाटेच्या. आणि दुसऱ्या मानांकनाच्या त्या यूकॉनने पुढे काय केलं? अव्वल मानांकित यूएससीला १४ गुणांनी, अव्वल मानांकित यूसीएलएला ३४ गुणांनी आणि अंतिम सामन्यात अव्वल मानांकित साउथ कॅरोलिनाला २३ गुणांनी हरवलं. ओळीने तीन! यूएससीची जूजू वॉटकिन्स दुसऱ्याच फेरीत गुडघा धरून बाहेर गेली होती, ती असती तर पहिला सामना निराळा झाला असता. तरी बाकीचे दोन उरतातच. याचा अर्थ तुमची यादी चुकली असा मी काढणार नाही, कारण मार्चमधला यूकॉन फेब्रुवारीतल्या यूकॉनपेक्षा वेगळा असतो. पण दुसऱ्या मानांकनांत असा एखादा संघ दडलेला असतो, आणि तो कुणाच्या वाट्याला कुठे येतो यावर अव्वल संघाचं वर्षभराचं काम ठरतं, इतकं तरी दिसतंच.

तुमचं नेहमीचं उत्तर ठाऊक आहे. जवळचा संघ जवळ ठेवला की तिकिटं खपतात. एके काळी हे खरंही होतं. त्रयस्थ गावातल्या अर्ध्या रिकाम्या खुर्च्या मीही टीव्हीवर पाहिल्या आहेत, आणि यूकॉनच्या लोकांनी अल्बनी, ब्रिजपोर्ट भरून दाखवलं तेव्हा खेळालाही बरं वाटलं असेल. पण ते दिवस गेले. २०२४ मध्ये अल्बनीत आयोवा विरुद्ध एलएसयू सामना झाला. आयोवा सिटी तिथून हजारेक मैल, बॅटन रूज त्याहून लांब. हॉल खच्चून भरला होता आणि टीव्हीवर १.२ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. त्या वर्षीचा महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला, १.८९ कोटी विरुद्ध १.४८ कोटी. ज्या खेळाला एवढी गर्दी आहे, त्याने शेजारच्या गावच्या तिकिटांसाठी अव्वल मानांकिताचा बळी द्यायची गरज नाही.

आता त्यात पैसाही आला आहे. पुरुषांच्या स्पर्धेत सामना खेळल्याबद्दल कॉन्फरन्सला वाटा मिळण्याची पद्धत तीन दशकांहून जुनी. महिलांना तो वाटा मिळायला २०२५ उजाडलं, पहिल्या वर्षी दीड कोटी डॉलरचा निधी. एक फेरी जास्त म्हणजे थोडे पैसे जास्त. पूर्वी तुमच्या निर्णयाने चाहते हळहळायचे. यापुढे हिशेबनीसही हळहळतील, आणि त्यांचे ईमेल माझ्या पत्रापेक्षा तिखट असतील.

काही जण म्हणतात, सोळा संघ उरले की नव्याने मानांकन द्या. नको. ब्रॅकेट हे या स्पर्धेचं निम्मं सुख आहे. ऑफिसातल्या ज्या माणसाला पिक-अँड-रोल म्हणजे काय ते ठाऊक नाही, तोही ते भरतो. ते मध्येच पुसलं तर लोक रुसतील, आणि बरोबरच रुसतील. आयोजकांनी ठिकाण आधी ठरवून ठेवलं की काय होतं, ते आम्हा क्रिकेटवाल्यांनीही पाहिलंय. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत उपांत्य फेरीत गेला तर गयानातच खेळणार, हे आधीच पक्कं होतं. आम्ही जिंकलो म्हणून गप्प बसलो, आणि बाकीचे देश काय बोलले ते सोडून द्या.

माझी मागणी लहान आहे. नियमपुस्तकात एक कलम घाला : विभागाच्या शहरापासून दीडशे मैलांच्या आत कॉलेज असलेला दुसरा, तिसरा किंवा चौथा मानांकित संघ, स्वतः त्याहून लांब असलेल्या अव्वल मानांकिताच्या विभागात टाकायचा नाही. त्याला दुसऱ्या शहरात पाठवायचं. म्हणजे त्याला लांबचं विमान पकडावं लागेल. पकडू दे. तो दुसरा आहे. पुरुषांच्या नियमांत वरच्या मानांकितांना निदान पहिल्या फेरीत प्रतिस्पर्ध्याच्या गर्दीपुढे उभं न करण्याची तरतूद आहेच. तुम्हाला ती फक्त जिथे खरी गरज आहे तिथे, पुढच्या आठवड्यात न्यायची आहे. आणि यादीतल्या पहिल्या चार संघांना, पहिल्यापासून क्रमाने, शहर स्वतः निवडू द्या. जवळचं ते चांगलं, हे तुम्ही गृहीत धरता. एखाद्या संघाला जवळच्या पण शत्रूच्या गर्दीपेक्षा लांबचं शांत शहर परवडेल. २०२२ मध्ये आम्हाला विचारलं असतंत तर आम्ही विचिटा मागितलं असतं, दुप्पट प्रवास करून. रविवारी सकाळी त्यांच्या प्रशिक्षकांना एक फोन, इतकंच काम आहे.

हे कलम पुढच्या मोसमाच्या आधी बैठकीत मांडलं गेलं तर उत्तमच. फेटाळायचं असेल तर कारणांसह फेटाळा.

कळावे,
आपली,
केरी, नॉर्थ कॅरोलिना येथील एक मराठी प्रेक्षक

ता. क. : ३१ मार्च २०२४ ला पोर्टलँडमध्ये आमचा सामना अव्वल मानांकित टेक्ससशी होता आणि सामना सुरू व्हायच्या तोंडावर लक्षात आलं की कोर्टच्या एका टोकाची थ्री-पॉइंट रेषा सुमारे नऊ इंच आत आखली गेली आहे. आधीचे सामने त्याच रेषेवर खेळून झाले होते. दोन्ही प्रशिक्षकांनी आहे त्याच कोर्टवर खेळायचं ठरवलं, आम्ही ७६-६६ जिंकलो आणि तिसऱ्या मानांकनावरून अंतिम चौघांत गेलो. त्यामुळे माझी वैयक्तिक तक्रार काही नाही. तरी यापुढे टेप घेऊन एकदा मोजून घ्यावं, ही विनंती.